दगडाचे वय, लाकडाचे वय

वैराग-बार्शीच्या परिसरात विहीर खणताना जो खडक लागतो तो काळा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थर थिजून हा दख्खनचा खडक घडला. समुद्रतळाशी साचणाऱ्या गाळात शंखशिंपले जपले जातात. धगधगत्या लाव्हारसात ते जपले जाणे शक्य नसते. म्हणून येथील एखाद्या घरात शंखशिंपल्यांच्या आकृती असलेला जीवाश्मदगड दिसला, तर तो दूरच्या खाणीतून आलेला असतो आणि त्याची माहितीही बहुधा विक्रेत्याच्याच तोंडून आलेली असते. परगावचा माल उचलताना व्यापारी नमुना पाहतो, वजन करतो, भाव लिहून घेतो. घरासाठी वस्तू घेताना मात्र ही सावधगिरी पुष्कळदा दुकानातच राहते.

वैरागमधील आडतीचा व्यवसाय असलेल्या एका जैन कुटुंबाने नवे घर बांधले, तेव्हा जेवणघरात भिंतीलगत ठेवण्यासाठी साइडबोर्ड घ्यावयाचे ठरले. साइडबोर्ड म्हणजे ठेंगणे, लांबट कपाट. आत ताटवाट्या, माथ्यावर वाढण्याची भांडी. मोठ्या शहरातील एका दुकानात धाकट्या सुनेला एक नमुना आवडला. माथ्यावर तपकिरी दगड, त्यात पिवळसर शिंपले आणि वळणदार आकृती. दारांवर पांढऱ्या फुलांची नक्षी. किंमत ८५ हजार रुपये. घरातले जुने सागवानी कपाट बदल्यात दिल्यास दुकानदार १२ हजार वजा करणार होता.

हे जुने कपाट आजोबांनी १९५५च्या सुमारास बार्शीच्या सुताराकडून करवून घेतलेले. त्याचे सांधे खिळ्यांवाचून बसवलेले होते. एका पायाला वाळवी लागली होती आणि खालचा खण अडकत होता. हिशेबाच्या दृष्टीने त्याला मूल्य उरलेच नव्हते. आयकराच्या नियमांतील फर्निचरचा १० टक्के घसारा घटत्या शिलकीवर लावला, तर ५०० रुपयांची वस्तू ७० वर्षांनी सुमारे ३१ पैशांवर येते. गंमत अशी, की दुकानदाराच्या बोलण्यात हे ७० वर्षांचे कपाट ‘जुनाट’ होते आणि गेल्या वर्षी तयार झालेला साइडबोर्ड ‘कोट्यवधी वर्षांचे अँटिक’!

अशा खरेदीतली मुख्य फसगत येथेच असते. दगडाचे वय, लाकडाचे वय आणि कारागिरीचे वय ही तीन वेगळी खाती आहेत; एकाची जमा दुसऱ्याच्या नावे दाखवता येत नाही. राजस्थानातील जैसलमेरजवळच्या हाबूर गावचा दगड ११-१२ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा आहे. त्याच्या भांड्यात विरजणावाचून दही लागते, अशी त्याची ख्याती आहे. मोरोक्कोतील अर्फूदचा काळा दगड तर ३५ कोटी वर्षांहून जुना. परंतु त्या दगडाची फळी काल कापली असेल, तर फर्निचर कालचेच. आपल्याकडे १९७२चा पुरावशेष आणि कलावस्तूविषयक कायदा सर्वसाधारण वस्तूला पुरावशेष मानण्यासाठी किमान १०० वर्षांची अट घालतो. त्या मापाने नवा साइडबोर्ड ‘अँटिक’ नव्हता आणि आजोबांचे कपाटही नव्हते. जुन्या लाकडी सांगाड्यावर नवा दगड बसवून सगळेच जुने म्हणून विकण्याची रीतही बाजारात आहे. अशा वेळी खण ओढून मागची फळी पाहावी, दगडाची खालची बाजू पाहावी. न झाकलेली बाजू खरे बोलते.

नमुन्याचे छायाचित्र पाहून सासूबाईंनी विचारले, “जेवायच्या खोलीत हे मेलेले जीव कशाला?” मुलगा हसला. सून हसली नाही. तिने तो प्रश्न मनावर घेतला आणि चौकशी सुरू केली.

जीवाश्मात मूळ जीवाचा देह बहुधा उरत नाही. कोट्यवधी वर्षांत त्याची जागा खनिजांनी घेतलेली असते, किंवा टणक कवच तेवढे दगडाशी एकजीव झालेले असते. त्या दगडासाठी कोणी शिंपला मारलेला नसतो. हस्तिदंताची किंवा मोत्याच्या शिंपल्याच्या जडावाची गोष्ट निराळी. तेथे वस्तू आणि हिंसा यांचे नाते सरळ आहे. इतके समजल्यावर सासूबाईंचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. तेवढ्यात सुनेने दुकानदाराला दुसरा प्रश्न केला : दारांवरची पांढरी फुले कशाची? अंदाजपत्रकात ‘स्टोन इनले’ असे लिहिले होते. ‘यात हाड नाही’ असे बिलावर लिहून द्या म्हटल्यावर दुकानदार थांबला. मग त्याने सांगितले, की फुले उंटाच्या हाडाची आहेत. हवी तर रेझिनचीही करून मिळतील. राजस्थानात उंट-म्हशींच्या हाडांच्या जडावाचे असे फर्निचर मोठ्या प्रमाणावर होते आणि ते काम खरोखर सुबक असते. परंतु या घराला ते चालणारे नव्हते. सासूबाईंचा प्रश्न दगडाला लागू पडला नाही. दारावरच्या फुलांना पडला.

श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य आणि स्फोटकर्म ही नावे आहेत. दात-हाडांचा व्यापार, लाखेचा व्यापार आणि जमीन फोडण्याचा उद्योग. यादी व्यापाऱ्यासाठी असली तरी ग्राहकाने ती समोर ठेवण्यास हरकत नाही. तशी ठेवली, तर आजोबांचे कपाटही पूर्ण निर्दोष ठरत नाही. कारण त्याचे जुने पॉलिश चपड्याचे, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या द्रव्याचे होते. दगडही खाण फोडूनच येतो. सर्वस्वी निर्दोष वस्तू बाजारात मिळणे कठीण. पण कशात काय आहे हे जाणून घेणे आणि गरजेपुरतेच घेणे, हे मात्र हाती असते. परिग्रहाच्या परिमाणात जमीन, सोने, धान्य यांबरोबर ‘कुप्य’ म्हणजे घरातील सामानसुमानही मोजले आहे, ते उगीच नव्हे.

राहिला व्यवहार. जीवाश्मदगड बहुतेक चुनखडकाचा असतो आणि चुनखडकाचे आम्लाशी वैर असते. लिंबू, चिंच, ताक, लोणच्याचा खार यांचा थेंब पडून राहिला, की पॉलिश खाल्ले जाते आणि पांढुरका डाग उरतो. जेवणघरात हे रोजचेच. दगडाला सीलर लावावा, बरण्यांखाली थाळी ठेवावी आणि सांडलेले लगेच पुसावे. ५ फूट लांब, दीड फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाड फळीचे वजन ३३ किलोंच्या आसपास भरते. ते हलक्या प्लायवूडच्या सांगाड्यावर टाकू नये. खऱ्या दगडात एक आकृती दुसरीसारखी नसते. कोठे शिंपला आडवा कापलेला, कोठे उभा. ठरावीक अंतरावर तीच आकृती पुन्हा दिसली, तर ती छपाई समजावी.

अखेर त्या कुटुंबाने साइडबोर्ड घेतला नाही. आजोबांच्या कपाटाचा वाळवी लागलेला पाय बदलला, खण घासून मोकळा केला आणि लाकडाला जवसाच्या तेलाचा हात दिला. सुनेची आवड डावलली गेली नाही. हाबूरची एक फळी मागवून ती कपाटावर नुसती ठेवली, चिकटवली नाही. सगळा खर्च २० हजारांच्या आत बसला.

फळी ठेवण्यापूर्वी सासूबाईंच्या सांगण्यावरून सुताराने लाकडावर तिच्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या : कपाट सुमारे १९५५चे, बार्शी, दगड २०२४चा, हाबूर. पुढे कधी वाटणी झाली, किंवा एखादा दुकानदार बदल्यात मागू लागला, तर ही नोंद कामी येईल. फळी उचलून पाहणाऱ्याला काय जुने आणि काय नवे, हे कोणाला विचारावे लागणार नाही.