आजारी माणसासह सिंगापूरची सफर

यात्रा करावी ती हातपाय चालत आहेत तोंवर, असें आपल्याकडे घरोघरीं सांगण्यांत येतें. तथापि आपले वाडवडील प्रत्यक्षांत तसें वागत आलेले नाहींत. काशीस निघणाऱ्या यात्रेकरूंत जराजर्जर माणसें पुष्कळ असत. केदारनाथाच्या चढणीवर आजही वृद्ध व अपंग स्त्रीपुरुष डोलींतून जातांना दिसतात. प्रवास श्रद्धेचा असला कीं आजारी माणसास वाट मिळते; मौजेचा म्हटला कीं त्यास घरीं ठेवण्याची तजवीज आधीं होते. "तुम्हांला दगदग सोसणार नाहीं" हें वाक्य प्रेमानेंच उच्चारलें जातें, आणि त्यानेंच विषय संपतो. आमच्या कुटुंबानें सिंगापुरास आठ दिवसांची जी सफर केली, ती या वाक्यापाशीं न थांबल्यामुळें घडली. अशाच अडचणींत असलेल्या वाचकांस उपयोगी पडेल म्हणून तिची हकीकत येथें देत आहों.

आमच्या थोरल्या वहिनींचा मधुमेह वीस वर्षांचा. त्याच विकारानें पांच वर्षांपूर्वीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि पुढें दोन वर्षांनीं उजवा पाय गुडघ्याखालीं काढावा लागला. सोमवार, बुधवार व शुक्रवार हे त्यांचे डायलिसिसचे वार. दर खेपेस चार तास यंत्रास जोडून पडून राहावयाचें. घरांत त्या कृत्रिम पायानें थोडें चालतात. बाहेर चाकांची खुर्ची लागते. कोल्फ नांवाच्या डच डॉक्टरानें महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं, हें यंत्र प्रथम माणसाच्या उपयोगास आणलें. परंतु दीर्घकालीन रोग्यास तें वर्षानुवर्षें वापरतां येऊं लागलें तें १९६० नंतर, अमेरिकेंत सिएटल येथें स्क्रिब्नर यांनीं रक्त वारंवार बाहेर घेण्याची नळी बसविण्याची युक्ति काढली तेव्हांपासून. त्यापूर्वीं अशा माणसाच्या परदेशप्रवासाचा प्रश्नच नव्हता. कारण माणूसच उरत नसे.

धाकट्या मंडळींनीं परदेशीं जाण्याचा विषय काढला तेव्हां घरांत नेहमीप्रमाणें बैठक बसली. वहिनींजवळ कोणीं राहावयाचें, याच्या पाळ्या लागूं लागल्या. आमच्या मातोश्रींनीं मधेंच विचारलें, "अरे, पण तिला कोणी विचारलें आहे का?" वहिनी शेजारच्याच खोलींत होत्या. त्यांनीं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्यांना सिंगापूरच्या बागेंतील ऑर्किड, म्हणजे आपल्याकडील आमरीचीं भावंडें, पाहावयाचीं आहेत; लग्नापूर्वीं त्या वनस्पतिशास्त्र शिकल्या होत्या, आणि आमच्या गॅलरींतील दहा-बारा कुंड्या त्यांच्याच. दुसरी अशी : "भाऊजी, तिकडे कांहीं झालें तर काय, हें मला ठाऊक आहे. तें इकडेही होऊं शकतें. काळजी अवश्य घ्या; पण मला न नेण्याचें कारण म्हणून तें पुढें करूं नका." दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर त्यांनीं भिंतीवरची दिनदर्शिका काढून पुढ्यांत घेतली.

नियोजनास खरी सुरुवात तेथें झाली. डायलिसिसचे वार हलवितां येत नाहींत; शुक्रवार ते सोमवार हें जें लांब अंतर पडतें तेंच मुळीं जोखमीचें असतें. म्हणून सोमवारीं सकाळीं पुण्यांत डायलिसिस, मंगळवारीं प्रवास. बुधवार, शुक्रवार व पुढचा सोमवार सिंगापूरच्या केंद्रांत. मंगळवारीं परत, आणि बुधवारीं पुन्हां पुण्याचें यंत्र, असा हिशेब बसला. आठ दिवसांपैकीं दोन प्रवासाचे, तीन यंत्राचे, तीन मोकळे. सहलीचें सारें वेळापत्रक या सांगाड्यावर रचावयाचें, हें एकदां मान्य केल्यावर निम्मे वाद आपोआप मिटले.

मंडळींच्या मनांत प्रथम स्वित्झर्लंड होतें. तेथील युंगफ्राउयोख हें रेल्वेस्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. तेथें हवा विरळ. आणि मूत्रपिंडाच्या रोग्याचें रक्त बहुधा आधींच अशक्त असतें. शिवाय दर दोन दिवसांनीं गांव बदलावयाचा म्हणजे दर वेळीं नवें केंद्र, नवे डॉक्टर व नवें स्नानगृह. एक शहर, एक मुक्काम व एक केंद्र असाच प्रवास आम्हांस झेपणारा होता. सिंगापूर मुंबईहून विमानानें साडेपांच तासांच्या आंतबाहेर. घड्याळाचा फरक अडीच तासांचा, त्यामुळें औषधांच्या वेळा फारशा विसकटत नाहींत. त्या देशांत मधुमेहानें मूत्रपिंडें निकामी होण्याचें प्रमाण जगांतील अत्यंत मोठ्या प्रमाणांपैकीं एक आहे. यांतील दुःखद फायदा एवढाच कीं डायलिसिसचीं केंद्रें शहरभर आहेत. परदेशी पाहुण्यास बहुधा खाजगी केंद्रांतच जावें लागतें, व त्याचा आकार पुण्याच्या कित्येक पट पडतो. नेहमीच्या डायलिसिसचा खर्च प्रवासाचा विमा सहसा देत नाहीं. म्हणून तो अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळींत धरला. विमाही जुन्या आजारांची अट शब्द न् शब्द वाचूनच घेतला.

तयारीस तीन महिने लागले. केंद्राकडे वहिनींची डायलिसिसची पद्धति, पाणी काढल्यानंतरचें वजन, रक्त न गोठण्याच्या औषधाची मात्रा, तसेंच कावीळ ब व क आणि एचआयव्ही यांच्या ताज्या तपासण्या पाठविल्या. त्यांवांचून कोणतेंही केंद्र जागा निश्चित करीत नाहीं. सिंगापुरांत झोपेच्या कांहीं गोळ्या व कोडीनसारखीं वेदनाशामकें नेण्यास तेथील औषध प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. यादी डॉक्टरांकडून तपासून घेतली व अशीं औषधें शक्य तों टाळलीं. हॉटेलांस "अपंगांसाठीं खोली आहे काय" असें न विचारतां स्नानगृहाच्या दाराची रुंदी किती इंच, उंबरठा आहे काय, आणि धरावयाचा दांडा डाव्या हातास कीं उजव्या, असें विचारलें. एका हॉटेलानें "सर्व सोयी उपलब्ध" एवढेंच कळविलें. दुसऱ्यानें मापें व छायाचित्रें धाडलीं. आम्ही दुसऱ्याकडे उतरलों.

विमान कंपनीस खुर्चीची सूचना निदान ४८ तास आधीं द्यावी लागते. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेतां येते. तेथून आसनापर्यंत कंपनीची अरुंद खुर्ची असते. आपल्या खुर्चीची गादी व पाय ठेवण्याचे भाग काढून बरोबर घ्यावेत, नाहींतर सामानाच्या उलथापालथींत तेच हरवतात. इन्शुलिन हातांतील पिशवींतच ठेवावें. सामानाच्या कप्प्यांत तें गोठूं शकतें. विमानांतील हवेचा दाब सुमारें दोन हजार मीटर किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणून निघण्यापूर्वीं डॉक्टरांनीं वहिनींचें रक्त व हृदय तपासून संमति दिली होती. त्यांच्या डाव्या हाताच्या शिरेंत डायलिसिससाठीं फिस्टुला केलेला आहे. त्या हातास दाब किंवा हिसका बसतां कामा नये. विमानतळावरील मदतनीस उचलावयास आला कीं वहिनी हंसून सांगत, "हा हात माझा नव्हे, यंत्राचा आहे, दुसरा धरा."

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरांवर. हवा वर्षभर दमट व उष्ण, पाऊस केव्हांही. चाकाच्या खुर्चीस मात्र हें शहर अनुकूल आहे, आणि तें आपोआप झालेलें नाहीं. भुयारी व उन्नत रेल्वे १९८७ सालीं सुरू झाली तेव्हां स्थानकोस्थानीं लिफ्ट नव्हत्या. त्या मागाहून बसविण्यांत आल्या. इमारतींत अडथळेविरहित वाट असावी याची नियमावलि १९९० पासून आहे. आज सार्वजनिक बस थांबली कीं चालक स्वतः उतरून मधल्या दाराशीं उतरंडीची फळी पसरतो, खुर्ची तिच्या जागेवर नेऊन ठेवतो, व मगच गाडी सोडतो. पहिल्या दिवशीं गाडी आमच्यामुळें खोळंबली म्हणून आम्हीं शरमून मागें पाहिलें. कोणी तक्रार करीत नव्हतें, कोणी कौतुकही करीत नव्हतें. लोक आपापलें वाचीत बसले होते. वहिनींस या दुर्लक्षाचेंच फार समाधान वाटलें.

जुन्या शहराची गोष्ट निराळी. रॅफल्स यांनीं १८२२ सालीं शहराची आंखणी करतांना दुकानांपुढें पांच फूट रुंदीची झांकलेली पडवी ठेवण्याचा दंडक घातला. सेरंगून रस्त्यावरील भारतीय वस्तींत त्या पडव्या अजून आहेत. उन्हापावसांत पादचाऱ्यास त्या सुखाच्या. परंतु शेजारशेजारच्या घरांच्या जोत्यांची उंची सारखी नाहीं, मधें पायऱ्या, आणि वर दुकानाचा माल मांडलेला. खुर्ची वारंवार रस्त्यावर उतरवावी लागली. तेथें इडली-भात सहज मिळाला, हें मोठें सुख. शहाळें, केळें व खारट रसे वहिनींस वर्ज्य. पाणीही मोजून प्यावयाचें, आणि हवा अशी कीं घसा सतत कोरडा. बर्फाचा लहानसा खडा तोंडांत धरून त्या वेळ काढीत. एका उपाहारगृहांत फळांच्या ताटांत करमळाचे, म्हणजे कमरखाचे, ताऱ्यासारखे काप आले. मूत्रपिंडें निकामी असलेल्या माणसास हें फळ विषासारखें असून त्यानें उचक्या, भ्रम, झटके व क्वचित् मृत्युही ओढवतो. आमच्या पुतणीनें घरून केलेली यादी काढून ताट सरकविलें. त्या बाजूस प्रवास करणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

गुरुवारीं वनस्पति-उद्यानांत गेलों. हें उद्यान १८५९ सालीं स्थापन झालें, आणि २०१५ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. रबराच्या झाडास इजा न करतां चीक काढण्याची रीत येथेंच रिडली यांनीं शोधून बसविली. मलायांतील रबराचे मळे त्यांतून उभे राहिले. उद्यानांतील राष्ट्रीय ऑर्किड बाग टेकडीवर असल्यानें वाट चढणीची आहे. तरी पायऱ्या टाळून खुर्ची नेतां येते. १८९३ सालीं ॲग्नेस जोआकिम या बाईंच्या बागेंत आढळलेला जांभळट गुलाबी संकर १९८१ पासून त्या देशाचें राष्ट्रीय पुष्प आहे. ऑर्किडच्या धुळीसारख्या बीजांत स्वतःची शिदोरी नसते; रानांत एखाद्या बुरशीच्या आधाराखेरीज तीं रुजत नाहींत. येथील हॉल्टम यांनीं १९२८ च्या सुमारास काचेच्या बाटल्यांत पोषक द्रव्यें घालून रोपें वाढविण्यास आरंभ केला, व पुढें शेकडो नवे संकर निघाले. हें सारें वहिनींनीं मुलांस सांगितलें, आणि शेवटीं म्हणाल्या, "माझ्यासारखींच हीं. बाटलीवर वाढलीं, तरी फुलायचीं थांबलीं नाहींत." दोन तासांत आम्हीं बागेचा चौथा हिस्सासुद्धां पाहिला नाहीं; पण जो पाहिला तो पुरता पाहिला.

शनिवारीं २०१२ सालीं खुल्या झालेल्या समुद्रकांठच्या नव्या उद्यानांतील मेघारण्य पाहिलें. एका अवाढव्य कांचगृहांत ३५ मीटर उंचीचा कृत्रिम डोंगर व धबधबा आहे. लिफ्टनें वर जावें व उतरत्या वाटेनें खालीं यावें. आंत गारवा असल्यानें वहिनींची तहान तेवढा वेळ शमली. रविवार हा लांब अंतराचा दुसरा दिवस. त्या दिवशीं संध्याकाळीं खाडीकांठच्या सपाट फरसबंदीवर थोडें फिरण्यापलीकडे कांहीं योजिलें नव्हतें.

डायलिसिसच्या दिवशीं आम्हीं पाळ्या लावल्या. केंद्रांत चिनी, मलायी, तामिळ असे सर्व प्रकारचे रोगी एका ओळींत पडलेले असत. शुक्रवारीं यंत्रावरून उठतांना वहिनींचा रक्तदाब उतरला. पाय उंच करून त्यांना तासभर निजवावें लागलें. संध्याकाळ मुळांतच मोकळी ठेविली असल्यानें कोणाचा विरस झाला नाहीं. मुलें थांबूं लागलीं, तेव्हां त्यांनींच त्यांना फिरावयास पिटाळलें आणि काय पाहिलें तें रात्रीं सविस्तर ऐकून घेतलें. सोमवारीं केंद्रांत बसण्याची पाळी आम्हीं घेतली, व दादा सकाळीं एकटेच समुद्राकडे गेले. परत आल्यावर म्हणाले, "पांच वर्षांत मी घड्याळ न पाहतां प्रथमच बसलों." शुश्रूषा करणाऱ्या माणसासही सुटी लागते, ही गोष्ट आमच्या घरांत तोंवर कोणीं बोलून दाखविली नव्हती.

प्रत्येक रोग्यास असा प्रवास झेपेल असें आमचें म्हणणें नाहीं. डॉक्टर नको म्हणतील तर तो शब्द मानावा. परदेशाऐवजीं महाबळेश्वर किंवा शेजारचें गांव निवडावें. मात्र क्रम बदलूं नये. आधीं त्या माणसास काय पाहावयाचें आहे तें विचारावें, मग डॉक्टरांस, आणि मग नकाशा व पैसा. वहिनींची प्रकृति या प्रवासानें सुधारली नाहीं, बिघडलीही नाहीं. वार तेच आहेत. गॅलरींत एका कुंडीची भर पडली आहे. रोप परदेशांतून आणण्याच्या खटपटींत न पडतां तें पुण्यांतच विकत घेतलें. त्याची निवड मात्र वहिनींनीं तिकडेच केली होती.