सागरापारचें पाकीट

मॉरिशसचे प्रवासी बहुधा समुद्रकिनारे पाहून परततात. आम्हीं मात्र पोर्ट लुई शहरीं उतरतांच बंदरालगतचें ‘ब्लू पेनी’ संग्रहालय गांठलें. २००१ सालीं उघडलेल्या या वास्तूंत १८४७ सालचीं दोन टपालतिकिटें आहेत. एक पेनीचें नारिंगी व दोन पेनींचें निळें. १९९३ सालीं तेथील पेढ्या व व्यापारी संस्था यांनीं एकत्र येऊन तीं सुमारें २० लक्ष डॉलरांस विकत घेतलीं व मायदेशीं आणलीं.

रंग विटूं नये म्हणून मूळ तिकिटांवर तासांतून कांहीं मिनिटेंच दिवा लावितात. एरवीं प्रतिकृतींवर समाधान मानावें लागतें. आम्ही तिष्ठत उभे राहिलों आणि दिवा लागतांच व्हिक्टोरिया राणीची ती इवलीशी मुद्रा डोळे भरून पाहिली. तांब्याच्या पत्र्यावर ती जोसेफ बार्नार्ड यानें कोरली. प्रत्येक किमतीचीं अवघीं ५०० तिकिटें छापलीं. त्यांतील कित्येक गव्हर्नरांच्या पत्नी लेडी गॉम यांच्या नृत्यसमारंभाच्या निमंत्रणांवर खर्चीं पडलीं. आज दोन्ही मिळून तीसहि उरलेलीं नाहींत.

परंतु आमचें मन गुंतलें तें तेथें नसलेल्या एका पाकिटांत. १८५० सालीं एकेक पेनीचीं दोन तिकिटें लावून एक पत्र या बंदरांतून आपल्या मुंबईस गेलें. पत्ता होता तेथील बायबल सोसायटीच्या चिटणिसांचा. १८९७ सालीं तें हिंदुस्थानांतील एका बाजारांत सांपडलें, आणि १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत त्यास ३,८०,००० डॉलर आले!

एवढें मोल कशाचें? बर्न येथें १८७४ सालीं टपालसंघ स्थापन झाला व १८७६ सालीं हिंदुस्थान त्यांत सामील झाला. तत्पूर्वीं पाठविणाराचें तिकीट बहुधा वाटेंतच संपे व पुढील हांशील घेणारास भरावें लागे. कोणीं किती दिलें, पत्र कोणत्या मार्गानें गेलें, हें पाकिटावरील छापच सांगतात. तिकीट सोडविलें कीं तें मुकें होतें.

हें आम्हांस फार उशिरां उमगलें. १९५० च्या सुमारास आमचे धाकटे काका आफ्रिकेंत होते. त्यांचीं पत्रें पाण्यांत भिजवून आम्हीं तिकिटें सोडविलीं, आणि पाकिटें बंबांत घातलीं! वहींत तिकिटें अद्याप आहेत. त्यांवर केनिया, युगांडा व टांगानिका हीं तिन्ही नांवें एकत्र छापलेलीं. छापाचा उरलेला भाग पाकिटाबरोबर जळाला. काका नक्की कोठें होते, हें सांगणारें आज घरांत कोणी नाहीं.

सायंकाळीं आम्ही एका मराठी कुटुंबाकडे गेलों. त्यांचे पूर्वज गेल्या-मागच्या शतकांत मुंबई बंदरांतून मजुरीसाठीं येथें आलेले. घरच्या आजीबाईंनीं विचारलें, “आमच्या गांवीं, कोंकणांत, कुणी आमचं एखादं पत्र ठेवलं असेल का हो?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाचकहो, माळ्यावर जुनी पेटी असेल तर तिकिटांना हात लावूं नका. वडील मंडळींस विचारून, कोणाचें पत्र, कोठून आलें, एवढी चिठ्ठी मात्र आजच सोबत ठेवा.