पंचवीस ग्रॅमची शेगडी

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मित्राचे वडील तंबूच्या तोंडाशी बसून कुडकुडत होते आणि माझ्यासमोरच्या शेगडीवरचं पाणी अर्ध्या तासानंतरही कोमटच होतं. शेगडी मी निवडली होती. गॅसचे डबे मी आणले होते. तिघांच्या पाच दिवसांच्या खाण्यापिण्याची जबाबदारीही मीच मागून घेतली होती. त्या रात्रीबद्दल लिहायचं मी चार वर्षं टाळलं.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली पंधरा वर्षं कोलोरॅडोत राहतो. इथल्या एका सहकाऱ्याचं, म्हणजे याच मित्राचं, घराणं पिढ्यान् पिढ्या ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला जातं. एल्क म्हणजे सांबराच्याच कुळातला, पण त्याहून थोराड प्राणी. नर तीनशे किलोच्या पुढे सहज जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे माझ्या घरच्यांना हे प्रकरण पटायला वेळ लागला. इथे राज्याचं वन्यजीव खातं परवाने देतं, बंदुकीच्या हंगामात भडक रंगाचं जाकीट आणि टोपी सक्तीची असते, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. मी बंदूक धरत नाही. मित्र आणि त्याच्या वडिलांबरोबर मी जातो तो ओझं वाहायला आणि चूल सांभाळायला.

आम्ही गेलो होतो फ्लॅट टॉप्स या राखीव रानात. तिथे गाडी न्यायला कायद्याने बंदी आहे. एल्क पडला की हाडं वेगळी करूनही शंभर किलोच्या आसपास मांस उरतं, आणि ते पाठीवरून खाली आणावं लागतं. म्हणून जाताना पाठीवर जितकं कमी तितकं बरं, हा विचार चुकीचा नव्हता. मी तो चुकीच्या जागी लावला. सामानाचा तक्ता मांडला, प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, आणि शेगडी घेतली पंचवीस ग्रॅमची. मुठीत मावणारी, डब्याच्या डोक्यावर आटे फिरवून बसवायची. जुलैच्या दुपारी घराच्या गच्चीवर तिच्यावर अर्धा लिटर पाणी तीन मिनिटांत उकळलं. तेवढ्यावर मी तिला पास केलं.

डब्यात काय आहे, ते मी वाचलंच नाही. डब्याच्या अंगावर बारीक अक्षरांत मिश्रण छापलेलं असतं आणि थंडीत सगळी भिस्त त्या एका ओळीवर असते. साधा ब्युटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे बाराच्या आसपास, प्रोपेन उणे बेचाळीसला. त्याहून थंडी वाढली की द्रवाची वाफ होत नाही, आणि वाफ नाही तर ज्योत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे हे आकडे काही अंशांनी खाली सरकतात, तेवढाच आधार. माझ्या डब्यांत बहुतांश साधा ब्युटेन आणि थोडा प्रोपेन होता, कारण दुकानात तो दोन डॉलरनी स्वस्त होता. शिवाय दोनपैकी एक डबा उन्हाळ्यात अर्धा वापरलेला.

अर्धा वापरलेला डबा म्हणजे अर्धी ताकद असलेला डबा, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. मिश्रणातला प्रोपेन लवकर उडतो, म्हणून सुरुवातीला ज्योत जोरात असते आणि शेवटी डब्यात जवळजवळ नुसता ब्युटेन राहतो. त्यात गॅस बाहेर पडताना द्रवातली उष्णता घेऊन जातो. डबा आपोआप गार होत जातो, बाहेरच्या हवेपेक्षाही गार. जळत्या शेगडीखालच्या डब्यावर दहिवर साचतं ते यामुळे.

पहिल्या संध्याकाळी मी तुरीची डाळ शिजायला टाकली. घरची, भिजवलेली, हळद-हिंग घालून. मित्राच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा वरण-भात खावा, अशी मनापासून इच्छा होती. आमचा मुक्काम साधारण ३,२०० मीटरवर होता. तिथे पाणी ८९ अंशांना उकळतं, आणि त्या तापमानाला डाळ तासभर नुसती उड्या मारत राहते. कुकर नव्हता. पाऊण तासाने मी हार मानली आणि दाणा दाताखाली करकरत असतानाच सगळ्यांनी ती खाल्ली. नवा डबा त्या डाळीने निम्म्याहून जास्त संपवला. चांगला प्रोपेन ज्या रात्री लागणार होता तिच्या दोन रात्री आधीच मी तो हवेत सोडून मोकळा झालो होतो. हे मला तेव्हा कळलंही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला एल्क पडला. कातडं सोलणं, मांडी-खांदे वेगळे करणं, ते सुती पिशव्यांत भरून झाडाला टांगणं, हे सगळं डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात रात्री नऊपर्यंत चाललं. मधेच वारा सुटला आणि बर्फाळ पाऊस लागला. मित्राचे वडील तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. दिवसभराच्या घामाने आतले कपडे भिजलेले, वरून पावसाने जाकीट ओलं. तंबूपर्यंत यायला दोन तास लागले. तिथे पोचलो तेव्हा त्यांच्या बोलण्यात जडपणा आला होता, शब्द ओढल्यासारखे येत होते. अंगातली उष्णता धोक्याइतकी उतरल्याची ती खूण आहे, हे मित्राला ठाऊक होतं. तो म्हणाला, ‘तू फक्त पाणी गरम कर, बाकी मी बघतो.’

माझ्याकडे तेवढं एकच काम होतं. शेगडीच्या ठिणगीचं बटण वीसदा दाबलं, ठिणगी पडेना. उंचीवर आणि थंडीत ती बटणं दगा देतात म्हणून लायटर खिशात, अंगाजवळ ठेवायचा असतो. माझा बॅगेच्या तळाशी होता. तो सापडून ज्योत लागली ती करंगळीच्या नखाएवढी. वारा तिला एका बाजूला लोळवत होता. मग मी जे केलं ते आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो. अॅल्युमिनियमचा पत्रा मी शेगडी आणि डब्याभोवती गोल गुंडाळला आणि डबा गरम व्हावा म्हणून त्याच्या तळाला लायटर धरला. मित्राने झडप घालून माझा हात मागे ओढला. पत्र्यात कोंडलेली उष्णता डब्यात उतरली तर डबा फुटतो. त्या दोघांना थंडीतून वाचवायला निघालो होतो आणि भाजून काढायची तयारी करत होतो.

पुढचं सगळं मित्राने केलं. वडिलांचे ओले कपडे काढून त्यांना दोन स्लीपिंग बॅगांत घातलं, तोंडात साखर भरवली, आणि गॅसचा डबा स्वतःच्या जाकिटात पोटाशी धरून पंधरा मिनिटं बसला. त्या उबेवर शेगडी जेमतेम सहा मिनिटं चालली. तेवढ्यात एक बाटली गरम पाणी झालं. त्यातलं अर्धं त्यांना पाजलं, अर्धं बाटलीतच ठेवून ती त्यांच्या छातीशी दिली. पहाटे तीनच्या सुमारास त्यांचं कुडकुडणं थांबलं आणि ते नीट बोलू लागले. मला ते एक शब्दही लावून बोलले नाहीत. मी मात्र उजाडेपर्यंत जागा होतो.

घरी परतल्यावर आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अरे, आपला स्टोव्ह बरा होता की. थंडीबिंडी बघायचा नाही. हवा भर, काकडा लाव, पेटला.’ तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराने १८९२ मध्ये प्रायमस बनवला तो याच तत्त्वावर. तापलेल्या बर्नरमधून जाताना रॉकेलची वाफ होते आणि दाब पंपाने दिलेला असतो, म्हणून बाहेर किती गारठा आहे याचा ज्योतीवर फारसा परिणाम होत नाही. गिर्यारोहकांचे आजचे द्रव इंधनाचे स्टोव्ह त्याच घराण्यातले. रॉकेलऐवजी बहुधा व्हाइट गॅस वापरतात, म्हणजे पेट्रोलच्या जातीचं स्वच्छ इंधन.

पुढच्या वर्षी मी तसा स्टोव्ह घेतला आणि दुसरी मोठी चूक केली. आई स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा लावायची. इवलासा, मोजका, आणि तो पूर्ण विझत आला की मगच चावी सोडायची. मी घाईत बर्नरखालच्या वाटीत इंधन भसाभस सोडलं आणि तेही तंबूच्या पडवीत बसून, बाहेर बर्फ पडत होता म्हणून. भडका दोन फूट वर गेला. पडवीच्या कापडाला ताटाएवढं भोक पडलं. कुणी भाजलं नाही. पण नायलॉन किती पटकन वितळतो हे ज्याने पाहिलं आहे तो पुन्हा तंबूत स्टोव्ह पेटवत नाही. शिवाय बंद तंबूत जळणाऱ्या कुठल्याही शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही.

द्रव इंधनाचा स्टोव्ह वाईट नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात, दिवसचे दिवस बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर मी आजही तोच नेईन. पण ऑक्टोबरातल्या पाच दिवसांना, दमून आलेल्या हातांना, मला त्याहून सोपं काही हवं होतं. आता माझ्याकडे आहे ती जमिनीवर पाय पसरून बसणारी गॅसची शेगडी. डबा नळीने जोडलेला, शेगडीपासून हातभर लांब. नळीचा एक भाग ज्योतीजवळून जातो, त्यामुळे ज्योत स्थिर झाल्यावर डबा सावकाश उलटा केला की द्रवच नळीत येतो आणि ज्योतीच्या उष्णतेने तिथे त्याची वाफ होते. डबा स्वतः गार पडला तरी चालतं, आणि मिश्रणातले सगळे घटक सारखेच संपत जातात. ही युक्ती अशी नळी असलेल्या शेगडीवरच करावी. साध्या शेगडीचा डबा उलटा केला तर भडका उडेल. डबा लांब असल्यामुळे शेगडीभोवती पत्र्याचा आडोसाही बिनधोक उभा करता येतो. तिचं वजन दीडशे ग्रॅमच्या वर आहे. जुन्या शेगडीच्या सहापट. माझ्या लेखी हा फायद्याचा सौदा आहे, आणि त्याबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. उन्हाळ्यात, एकट्यादुकट्याने, चहापुरतं पाणी तापवायला पंचवीस ग्रॅमची शेगडी पुरेशी आहे. दुसऱ्याचा जीव जिच्यावर टेकलेला आहे अशी शेगडी तोलताना ग्रॅम शेवटी मोजावेत.

डबा आता आयसोब्युटेन आणि प्रोपेनचाच घेतो. रात्री तो माझ्याबरोबर स्लीपिंग बॅगेत झोपतो, पहाटे बर्फावर न ठेवता स्पंजच्या तुकड्यावर ठेवतो. निघण्यापूर्वी डबा तोलतो. रिकाम्या डब्याचं वजन त्यातून वजा केलं की गॅस किती उरला ते कळतं. वारा नसेल तर लिटरभर पाण्याला साधारण पंधरा ग्रॅम गॅस लागतो, मी वीस धरतो. डाळ नेत नाही. पोहे नेतो, त्यांना उकळावं लागत नाही. आणि साताऱ्याहून आलेलं सातूचं पीठ नेतो, गूळ घालून. शेगडी पेटलीच नाही तरी एका रात्रीचं जेवण त्यात निघतं.

मराठी मुलंमुली हल्ली डिसेंबर-जानेवारीत लडाख-स्पितीला जाऊ लागली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. विमानात गॅसचा डबा नेता येत नाही. तो तिथे पोचल्यावर, मिळेल त्यातून घ्यावा लागतो, आणि घाई असते. त्या घाईतही डबा हातात घेऊन फिरवा, बारीक अक्षरांतली ओळ वाचा. नुसता ब्युटेन लिहिलं असेल तर तो परत ठेवा आणि दुसऱ्या दुकानात जा.