फुललेले झाड, पुसलेली राणी

अद्भुतकथांतील कल्पित राज्यांत एक हरवलेले चित्र हटकून असते. त्यात भविष्य रंगवलेले असते; चित्र सापडले की राज्याला त्याचा खरा वारस मिळतो. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीने मागे ठेवलेली चित्रे मात्र याच्या उलट आहेत. ती सापडली आहेत. हरवली आहे ती त्यांतील व्यक्ती. आणि त्यांतील एका चित्राने सुचविलेले भविष्य खरे ठरले, हीच त्याची शोकात्मिका होय.

‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही आफताबी या कवीची फारसी मसनवी हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ रचलेली आहे. तालिकोटची लढाई जानेवारी १५६५ मध्ये झाली आणि त्याच वर्षी विजेता हुसेनशहा मरण पावला. मुलगा मुर्तझा याच्या नावाने त्याची आई खुंझा हुमायून राज्यकारभार पाहू लागली. काव्याची सचित्र प्रत याच काळातील. ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे आणि जी. टी. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी संपादिलेली तिची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. १५६९ मध्ये मुर्तझाने आईला कैदेत टाकले. चित्रांत राजाच्या निकट बसलेल्या राणीची आकृती नाहीशी करण्यात आली, ती या घटनेनंतर, असे अभ्यासक मानतात.

एका चित्रात मात्र ती वाचली. तेथे ती झाडाला बिलगून उभी आहे आणि तिच्या स्पर्शाने झाड बहरले आहे. हा संकेत फारसी काव्याचा नव्हे. तो संस्कृत परंपरेतील दोहदाचा. सुंदरीच्या पदाघाताने अशोक फुलतो, तिने टाकलेल्या मद्याच्या चुळीने बकुळ फुलतो. ‘मालविकाग्निमित्रा’चे कथानक अशाच दोहदाभोवती फिरते. मराठी वाचकाला यासाठी कोशात जाण्याचे कारण नाही. दोहदाचेच ‘डोहाळे’ झाले. झाडाचा बहर आणि उदरातील गर्भ या दोन अपेक्षा त्या शब्दात एकत्र नांदतात.

हे एकच चित्र का वाचले? पुसणाऱ्या हाताला झाडाशी उभी असलेली स्त्री ‘राणी’ वाटली नसावी, ‘नायिका’ वाटली असावी, हे अनुमान सयुक्तिक आहे. समीक्षेला ते अस्वस्थ करणारे आहे. संकेत म्हणजे साचा, आणि साचा व्यक्तिविशिष्टतेला मारक, असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय आहे. येथे व्यक्ती म्हणून रंगविलेली स्त्री गेली. साच्यात उभी केलेली स्त्री टिकली. परंतु त्याची किंमतही लक्षात घ्यावी लागते. ती टिकली ती ओळख गमावून. राज्य चालविणाऱ्या स्त्रीला वाचण्यासाठी केवळ फुलविणारी स्त्री व्हावे लागले.

खोडलेला शब्द खोडणीसह वाचावा, ही देरिदाची रीत आता परिचित आहे. त्या खोडणीत शब्द आणि रेघ एकाच लेखकाच्या हातची असतात. येथे हात दोन आहेत, आणि दुसऱ्या हातामागे बंदिखाना आहे. अनुपस्थितीच्या सौंदर्यात रमणाऱ्या वाचनाने एवढे भान ठेवले नाही, तर ते पुसणाऱ्याच्या कामाला नकळत पूर्णत्व देते.

नगरच्या पूर्वेस डोंगरावरील एका वास्तूला लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. ती वस्तुतः मुर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर. चांदबिबी ही खुंझा हुमायूनची मुलगी. इतिहासाच्या कसोटीवर हे नामकरण चूकच. परंतु मुलाच्या कारकिर्दीत आईची आकृती तिच्या हक्काच्या जागेवरून गेली, आणि त्याच कारकिर्दीतील वजिराच्या कबरीवर लोकांनी मुलीचे नाव आणून बसविले. लोकस्मृतीच्या अशा चुका दुरुस्त करण्यापूर्वी वाचाव्या लागतात.

ते झाड मात्र अजून बहरलेले आहे. डोहाळ्यांनी सांगितलेले भविष्य खोटे नव्हते: राज्याला वारस मिळाला. त्यानेच आईला कैद केले.