माथ्याची पट्टी

दुकानात मासिक अख्खं दिसतच नाही. उतरत्या फळीवर अंक एकावर एक सरकवून लावले की प्रत्येकाच्या माथ्याची दोन-तीन बोटं रुंदीची पट्टी तेवढी उघडी राहते. अंकाचं नाव माथ्यावर छापलेलं कामी येतं ते म्हणूनच. दोरीला चिमट्यानं टांगायला जागा मोजक्याच अंकांना मिळते. कुणाला टांगायचं आणि कुणाला फळीवर ठेवायचं, हे ठरवताना मी मुखपृष्ठाकडे बघायला शिकलो.

हिंगणघाटात दिवाळी अंक येतात तेव्हाच नवा कापूसही बाजारात यायला लागतो. माणसाच्या हातात चार पैसे असतात आणि वेळ नसतो. रस्त्यावरून जाताना त्याची नजर फळीवर पडते, तेवढ्यात मुखपृष्ठानं आपलं काम करायचं असतं. त्यात संगीताच्या अंकाची गोष्ट अवघड. पाककृतींच्या अंकावर पुरणपोळी छापता येते, सूर कसा छापणार?

आपल्या जुन्या चित्रकारांनी यावर वाट काढली होती. रागमालेतली तोडी बघा. रानात वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती थबकलेली हरणं. वीणेचा आवाज कागदावर नाही, पण हरणं ऐकताहेत हे दिसतं, आणि बघणाराही कान देतो. संगीताचं मुखपृष्ठ करणाऱ्यानं हे चित्र कायम समोर ठेवावं असं मला वाटतं. नुसत्या तंबोऱ्याचा सुंदर फोटो दुरून सामानाच्या जाहिरातीसारखा दिसतो. भीमसेनजींचा वर गेलेला हात किंवा स्वरमंडळावर फिरणारी किशोरीताईंची बोटं दिसली, की गाणं चालू आहे हे कळतं. वसंतराव देशपांडे तर मूर्तिजापुरात जन्मलेले, आमच्या विदर्भातले. त्यांचा चेहरा दिसला की इकडचं गिऱ्हाईक थांबतंच.

आमच्या भागात सगळ्यांत खात्रीचं चित्र मात्र मैफलीतलं नाही. भगवा फेटा आणि उंच धरलेली खंजिरी, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. गाडी बाजार समितीत लावून आलेला शेतकरी दुरूनच ते ओळखतो. गावच्या भजनी मंडळात तो स्वतः खंजिरी वाजवत असतो, म्हणून अंक हातात घेतल्यावर आधी बोटांची पकड बघतो. चित्रकारानं खंजिरी चुकीची पकडलेली दाखवली तर अंक परत फळीवर जातो. फोटो असेल तर पकड चुकायचा प्रश्नच नसतो, तो अंक उघडतो.

नजरेला नजर देणं ही दुसरी खुबी. दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यानं मराठी घरांना मुखपृष्ठ जपून ठेवायची सवय लावली. त्यांच्या चित्रांतल्या स्त्रियांचे डोळे अनेकदा चित्राच्या वरच्या भागात असतात, त्यामुळे खालचा भाग झाकला गेला तरी चित्र बोलतं. गाणाऱ्याचे डोळे मात्र बहुधा मिटलेले. तिथे कपाळावरच्या आठीनं आणि उचललेल्या भुवयांनी ते काम करायचं असतं, आणि नेमक्या त्याच जागी पुष्कळदा लेखकांच्या नावांची रांग छापलेली असते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, 1947 साली निघालेल्या ‘संगीत कला विहार’ला हा झगडा नव्हता. वर्गणीदाराच्या घरी टपालानं जाणाऱ्या अंकाला रस्त्यावरचा माणूस थांबवायचा नसतो. फळीवरच्या अंकाला तो थांबवावाच लागतो, म्हणून छापणारा घाबरून अक्षरं वाढवत जातो. उलट अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानं जानेवारी 1981 मध्ये जॉन लेनन आणि योको ओनो यांचा फोटो ठळक मथळ्याशिवाय छापला. लेननचा खून झाला त्याच दिवशी तो काढला होता. त्यावर आणखी काही लिहायची गरजच नव्हती.

मुखपृष्ठ म्हणजे दिलेला शब्द. बाहेर गवय्याचा चेहरा आणि आत त्याच्यावर अर्धं पान, असं एकदा झालं की पुढच्या दिवाळीला ते गिऱ्हाईक त्या अंकाला हात लावत नाही. म्हणून चिमटा लावण्याआधी मी अंक आतून चाळतो. मुखपृष्ठाला साजेसं काही आत असेल, तरच तो दोरीवर जातो.