अण्णा, पुणे आणि गळका क्यूबिट

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हा डायलॉग मारल्याशिवाय आम्हा परभणीकरांची ओळख पूर्ण होत नाही. आता मला त्याला सायंटिफिक आधारही सापडलाय. 1925 साली जर्मनीत, गटिंगेनला क्वांटम मेकॅनिक्सची मांडणी झाली. आणि त्यातला एक भन्नाट प्रश्न परभणीच्या आमच्या घरातही आहे.

अण्णांना फोनवर कधीही विचारा, उत्तर एकच, ‘‘मजेत!’’ गेल्या वर्षी आठ दिवस दवाखान्यात होते, तेव्हाही मजेतच होते. मग कुणी विचारत नसतं, तेव्हा ते कसे असतात?

हसू नका, फिजिक्सवाल्यांनी हा प्रश्न सिरीयसली घेतलाय. वस्तूकडे कुणी बघत नसताना तिची अवस्था ठरलेली असते का? आणि तिला धक्का न लावता बघता येतं का? 1985 मध्ये अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग यांनी यासाठी एक टेस्ट काढली. तीन वेळा ठरवायच्या. प्रत्येक प्रयोगात त्यातल्या दोनच वेळी बघायचं. उत्तरं जुळली तर +1, उलटी आली तर -1. मग सरासऱ्या काढून पहिली-दुसरी आणि दुसरी-तिसरी यांची बेरीज करायची, त्यातून पहिली-तिसरी वजा. दोन्ही प्रश्नांना ‘हो’ असेल तर आकडा 1 च्या वर जात नाही. क्यूबिटचा मात्र 1.5 पर्यंत जातो.

ही टेस्ट आपल्या पुण्यातही झालीय. 2011 मध्ये आयसरच्या टी. एस. महेश यांनी विक्रम आठल्ये आणि सौम्य सिंघा रॉय यांच्याबरोबर चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या अणुकेंद्रांवर ती करून पाहिली. मर्यादा मोडली! पण दोन नोंदींमधलं अंतर वाढलं, तशी जुळणी विरत गेली आणि अणुकेंद्रं शहाण्यासारखी मर्यादेत आली.

पुस्तकातला क्यूबिट बंद डब्यासारखा असतो, आतलं काही बाहेर जात नाही. खरा क्यूबिट गळतो. 2019 मध्ये अमेरिकेत केटर मर्च आणि योगेश जोगळेकर यांच्या टीमने ही गळतीच कामाला लावली. सुपरकंडक्टिंग सर्किटच्या वरच्या दोन पायऱ्या म्हणजे क्यूबिट. तिसऱ्या, खालच्या पायरीवर जे घसरले ते प्रयोग बाद, उरलेलेच मोजायचे. अशा क्यूबिटला नॉन-हर्मिशियन म्हणतात. तो एका लयीत फिरत नाही. कुठे रेंगाळतो, कुठे सुसाट सुटतो. म्हणूनच थिअरी सांगते, की इथे आकडा 1.5 ओलांडून थेट 3 च्या जवळ जाऊ शकतो.

3 म्हणजे काय? पहिली-दुसरी जुळतात, दुसरी-तिसरी जुळतात, तरी पहिली आणि तिसरी एकदम उलट! कारण पहिली-तिसरी तपासताना मधे कुणी बघितलेलंच नसतं.

अण्णा क्वांटम नाहीत, मान्य. पण गेल्या दिवाळीचे अण्णा आणि यंदाचे अण्णा शेजारी उभे केले, की मला हाच हिशेब आठवतो. रोजचं ‘मजेत’ कालच्या ‘मजेत’शी जुळतं आणि वर्षाने जिना चढताना माणूस मधेच थांबतो.

आपण सगळे घरापासून लांब नोकऱ्या करणारे. आपलं बघणं दिवाळी ते दिवाळी. मधलं एखादं बघणं वाढवा, बॉस. दिवाळीचं रिझर्वेशन तसंही फुल असतं, मधलं मिळतं.