चार डोरोथी आणि एक रोजनिशी

१८१२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील केनेबेक नदीकाठच्या एका वर्तमानपत्राने एका ओळीची मृत्युवार्ता छापली. ऑगस्टा येथील श्री. इफ्राइम बॅलर्ड यांची पत्नी मार्था, वय ७७. बस्स, एवढेच! ही बाई सुईण होती आणि तिने ८००हून अधिक बाळंतपणे केली होती, याचा त्यात उल्लेख नव्हता.

अमेरिकेच्या सरहद्दीवरचे जीवन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडा, बंदूक आणि रुंद काठाची टोपी उभी राहते. (हा सिनेमाचा प्रसाद.) मार्थाची सरहद्द निराळी होती. ईशान्येकडचा, तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग असलेला मेन प्रांत, दाट जंगल आणि हिवाळ्यात गोठणारी नदी. नवरा जमिनी मोजणारा. हे कुटुंब १७७७ साली तेथील हॅलोवेल गावी आले. बोलावणे आले की मार्था कधी होडीतून, कधी बर्फावरून नदी ओलांडून बाळंतिणीकडे जाई.

अशा बाईच्या घराण्याचा माग कसा काढायचा? इतिहासाच्या तासाला हा प्रश्न निघाला, आणि मी ग्रंथालयातून लॉरेल थॅचर उलरिच या विदुषीचे १९९० साली प्रसिद्ध झालेले 'अ मिडवाइफ्स टेल' हे पुस्तक आणले. इंग्रजी माझे जेमतेम. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. पुरुषाचा माग सोपा असतो. जमिनीच्या खरेदीखतावर, कराच्या यादीत, कज्जेदलालीत त्याचे नाव सापडतेच. बाईचे आडनाव लग्नात पुसले जाते आणि उरते ते पहिले नाव. तेही फसवे! मार्थाच्या आईचे नाव डोरोथी. बहिणीचे नाव डोरोथी. मार्थाची एक लेक डोरोथी, ती लहानपणीच वारली. पुढे झालेल्या मुलीलाही तेच नाव ठेवले. एका घरात चार डोरोथी! यांतल्या बहीण डोरोथीची नात म्हणजे १८८१ साली अमेरिकन रेडक्रॉस स्थापन करणारी क्लारा बार्टन. घराण्यातले हे एकच नाव जगाला ठाऊक आहे.

मार्थाचा जन्म १७३५ चा, मॅसॅच्युसेट्समधील ऑक्सफर्ड गावचा. माहेरचे आडनाव मूर. भाऊ हार्वर्डला शिकला. आई मात्र सहीच्या जागी नुसती खूण करी. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. माझी आई अंगठा देते. आता रेशनच्या यंत्रावर शिकलेल्यांनाही अंगठाच द्यावा लागतो, त्यामुळे दुकानात तिला पूर्वीइतके ओशाळे वाटत नाही, एवढाच फरक. मार्थाला लिहायला कोणी शिकवले असेल? भावाने? मला तर वाटते, तिने ते हट्टाने मिळवले असावे. घरातले एक पोर पाटीवर अक्षरे गिरवू लागले की बाकीच्यांचे डोळे कसे पाटीकडे लागतात, ते मी पाहिले आहे.

१७६९ च्या उन्हाळ्यात घटसर्पाच्या साथीत तिच्या तीन मुली तीन आठवड्यांच्या आत गेल्या. ती तेव्हा पोटुशी होती; ऑगस्टमध्ये हॅना जन्मली. वंशावळीत या गोष्टीला तीन तारखा लागतात, पुढे कंस.

१७८५ पासून मरेपर्यंत, २७ वर्षे, मार्था रोजनिशी लिहीत होती. हवा, विणकाम, बाळंतपण, मिळालेली बिदागी. अविवाहित मुलगी बाळंत होताना तिला बापाचे नाव विचारायचे, कारण त्या घटकेला बाई खोटे बोलत नाही, अशी तेथील कायद्याची समजूत होती. (कायदे करणाऱ्यांना कधी कळा आल्या नव्हत्या, हे उघड आहे.) ऑक्टोबर १७९१ मध्ये सॅली पिअर्स नावाच्या मुलीने मार्थापुढे नाव घेतले जोनाथन बॅलर्डचे. जोनाथन हा मार्थाचाच मुलगा! आणि मार्थाने ते लिहून ठेवले. घरची अब्रू म्हणून पान कोरे ठेवले नाही, की नाव खोडले नाही. पुढे चार महिन्यांत त्या दोघांचे लग्न झाले. मला या बाईविषयी सर्वांत अधिक आदर वाटला तो या एका नोंदीमुळे.

१८७० साली ऑगस्टाचा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांनी ही रोजनिशी चाळली होती. त्यांना ती सर्वसाधारण वाचकाच्या कामाची वाटली नाही! ती टिकली ती बायकांमुळे. चौथ्या डोरोथीने, म्हणजे डॉलीने, ती जपली. डॉलीकडून ती तिच्या मुलींकडे गेली. त्यांनी १८८४ मध्ये मेरी होबार्ट या मार्थाच्या खापरपणतीच्या हवाली केली. मेरी त्याच वर्षी डॉक्टर झाली होती. तिने रोजनिशीसाठी लाकडी पेटी करवून घेतली आणि १९३० साली ती मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. उलरिचबाईंच्या पुस्तकाला १९९१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, ते त्या जपणुकीच्या जोरावर.

आपल्याकडे काम आणखी अवघड आहे. लग्नात आडनावच नव्हे, पहिले नावही बदलते. आमच्या गावी हेळवी येतो, वहीतून सात पिढ्या वाचून दाखवतो. मी ऐकले तेव्हा त्यात एकही बाई नव्हती. माझ्या आजीने तरुणपणी सुईणपण केले. तिला आता ऐंशी वर्षे झाली. सुट्टीत मी शंभर पानी वही घेऊन तिच्याजवळ बसते. तिला तारखा येत नाहीत. 'बहात्तरच्या दुष्काळातली', 'शिमग्याच्या आदल्या रातीचा', 'ओढ्याला पाणी आलं होतं तवाची' असे ती सांगते, आणि मी तसेच लिहिते. बाळाच्या बापाचे नाव ती चटकन घेते; आईचे नाव, तेही माहेरचे, मी पुन्हा विचारून घेते. आतापर्यंत ३१ झाली आहेत. आजी म्हणते, अजून वरची आळी राहिलीच आहे.